भोंग्याचा पुढचा दात

त्याला सगळे भोंगा म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि त्यालाही त्याचा कधी राग आला नाही. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाला भोंगा नाही म्हणायचं तर काय बासरी म्हणायचं? मिरवणूक असो, लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, नाहीतर कुणाला शेवटचं पोचवायला जायचं असो, लाल कोटांच्या त्या रांगेत पहिला सूर त्याचा निघायचा आणि मग बाकीच्यांनी तो उचलायचा. फुंकताना त्याचे गाल असे टम्म फुगायचे की लहान पोरं त्याच्यापुढे उलटी चालायची, ते कधी फुटतायत ते बघायला.

बायको त्याची चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या नंबरची काच चाकावर घासायची, कड गुळगुळीत करायची आणि फ्रेममध्ये बसवायची. केसाएवढी जास्त घासली तर काच खुळखुळते, कमी घासली तर बसवताना तडकते. डोळा असा तयार झालेला की समोरून माणूस आला की आधी त्याचा चष्मा कुठल्या कानावर तिरका बसलाय ते हिला दिसणार, चेहरा नंतर. जीभही तशीच, धार लावलेली. आणि अशा या बाईला स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडातला दात आठ महिने दिसू नये! मला अजून हे पटत नाही. पण झालं खरं तसंच.

दोघंच दोघं होती घरात. मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दलचं जे काही बोलायचं ते बोलून कधीच संपलं होतं. चार वर्षांपूर्वी भोंग्याचे पाय सुजायला लागले. उभं राहून वाजवतो म्हणून सुजत असतील, असं म्हणत त्यानं बूट एक नंबर मोठे घेतले. मग तोंड सुजलं. तोंडाला कुठून मोठा बूट आणणार? बायकोनं हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, तर रक्तदाब आभाळाला टेकलेला आणि दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी. न दुखता, न खुपता, आतल्या आत कारभार आटोपून बसल्या होत्या त्या. ऐकून बायकोची दातखीळ बसली. हा शहाणा मात्र डॉक्टरांना विचारतोय, "म्हणजे रविवारच्या मिरवणुकीला जाऊ ना?"

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अंगात ताकद नाही म्हणून मिरवणुकीला जाणं हळूहळू सुटलं, पण बरा झालो की पुन्हा पहिला सूर माझाच, घरी सराव चालू आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. लांबट हॉल, दोन्ही भिंतींना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी घरघरणारं मशीन. दंडातून रक्त बाहेर काढायचं, धुवायचं आणि परत आत सोडायचं. भोंग्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक कुलूपवाला बसायचा. बाजारात किल्ल्या बनवायचं त्याचं दुकान होतं. माणूस मोठा गमत्या. "आपण दोघं एकाच पंपावरच्या गाड्या," म्हणायचा. भोंग्याचं आणि त्याचं चांगलंच जमलं. बायको संध्याकाळी दुकान सुटलं की भोंग्याला न्यायला यायची, तेव्हा हे दोघं डोक्याला डोकं लावून काहीतरी कुजबुजत असायचे आणि ती आली की गप्प व्हायचे. काय बोलत असतील, बायकांबद्दलच असेल काहीतरी, असं म्हणून तीही सोडून द्यायची.

मग एका संध्याकाळी बस थांब्यावर उभ्या उभ्याच ती म्हणाली, "अहो, माझी किडनी घ्या. मला दोन आहेत."

"काहीतरीच काय बोलतेस," भोंगा म्हणाला.

"काहीतरीच नाही. मी मॅडमना विचारूनसुद्धा आले."

मॅडम म्हणजे किडनीच्या डॉक्टर. शांत बाई, पण कामात कडक. बायकोच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्त, लघवी, सोनोग्राफी, फोटो, पुन्हा रक्त. दंडावर टोचून टोचून निळे डाग पडले. दुकानातले विचारायचे, "काय हो, नवरा मारतो की काय?" ती म्हणायची, "मारतील कशाला, ते फुंकतात फक्त." आणि सगळं जुळलं की हो! रक्तगट जुळला, बाकीचं जुळलं, तिची तब्येत ठणठणीत. आनंदानं तिला काय करू आणि काय नको असं झालं.

अडलं ते भोंग्याच्या रक्तात.

मॅडमनी तिला नीट समजावून सांगितलं. "शरीरात कुठेही जंतूंनी घर केलं, कुठेही दाह सुरू झाला, की यकृत रक्तात एक पदार्थ सोडतं. त्याला सीआरपी म्हणतात. धूर दिसला की आग आहे हे कळतं ना, तसं. चांगल्या माणसाचा सीआरपी पाचाच्या आत असतो. यांचा साठच्या वर आहे. म्हणजे आत कुठेतरी पेटलंय. आणि नवीन किडनी बसवली की ती शरीराने टिकू द्यावी म्हणून आम्ही प्रतिकारशक्ती दाबून टाकतो. अशा वेळी ही आग आत राहिली तर अख्खा माणूस जाईल. ती सापडेपर्यंत मी ऑपरेशन करणार नाही."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण दुसराही एक आकडा बोंबलत होता. गळ्यात दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांचा हार्मोन, पीटीएच. किडन्या गेल्या की रक्तातलं कॅल्शियम घसरतं, फॉस्फरस चढतं, आणि त्या ग्रंथी घाबरून हा हार्मोन सोडत सुटतात. मग तो हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणतो. भोंग्याचा पीटीएच चौदाशेवर गेला होता. "हाडं पोखरली जातायत," मॅडम म्हणाल्या. "आणि रक्त वाढवायची इंजेक्शनं देतेय तीही लागू पडत नाहीत. दाह असला की ती लागूच पडत नाहीत. हिमोग्लोबिन सातावर आलंय."

झालं, शोध सुरू झाला. छातीचा फोटो काढला, स्वच्छ. पोटाची सोनोग्राफी केली, स्वच्छ. दंडातली डायलिसिसची नस बघितली, लघवीचा जो काही थेंब निघत होता तो बघितला, नखं बघितली, कान बघितले. दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथूनही सगळं उत्तम म्हणून आलं. दर महिन्याला रक्त जायचं आणि दर महिन्याला सीआरपी चढलेलाच यायचा. तारीख पुढे, पुन्हा पुढे. बायकोच्या जिवाला नुसता घोर. चाकावर काच धरली की लक्ष भलतीकडे. दोन भारी काचा तडकवल्या तिनं त्या दिवसांत, आणि मालकानं चकार शब्द काढला नाही, हे तिला जास्त लागलं.

आणि नवरा? रिपोर्ट खराब आला की हा गडी घरी जाताना गुणगुणायचा! ती बसच्या खिडकीशी डोळे पुसतेय आणि हा मांडीवर बोटांनी ताल धरतोय. माझ्या समाधानासाठी करतात बिचारे, असं तिला वाटायचं, आणि ती आणखी रडायची.

आता दाताचं. किडनीच्या आजारात तोंडाला वास येतो, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे भोंगा हल्ली तोंडावर हात धरून बोलायला लागला, मिटल्या ओठांनी हसायला लागला, अंथरुणात भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला, तेव्हा तिनं मुद्दाम काही विचारलं नाही. माणसाला लाज वाटत असेल, कशाला बोचायचं. मिशाही वाढवल्या होत्या त्यानं. शोभत नव्हत्या, पण आजारी माणसाला काय बोलणार.

असं चाललेलं असताना एका दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. सोनेरी काडीचा चष्मा, नाकावरून घसरणारा. बोलता बोलता कळलं, हेच ते दातांचे डॉक्टर. बायकोनं चष्मा हातात घेतला, नाकावरच्या गाद्या बदलता बदलता म्हणाली, "माझे मिस्टर आले होते तुमच्याकडे तपासायला. किडनीवाले. बँडमधले."

"अरे हो हो!" डॉक्टर एकदम खुलले. "लाल कोटातच आले होते. विसरेन कसा? काय दात आहेत हो तुमच्या मिस्टरांचे! बत्तीसच्या बत्तीस, दगडासारखे. या वयात असे दात मी बघितले नाहीत. मला म्हणाले, सोड्याच्या बाटल्या दातांनी उघडतो. मी म्हटलं, बाबा रे, नका असले प्रयोग करू!"

तिच्या हातातला बारका स्क्रू टेबलावर पडला, तिथून खाली गेला, आणि तिनं तो शोधलासुद्धा नाही.

दातांनी बाटली उघडणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता, आणि तो तिचा नवरा नव्हता. तो नवऱ्याचा थोरला भाऊ होता. तोच चेहरा, तेच खांदे, फक्त अंगानं जरा थोराड. बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. त्याला सगळे दादा म्हणायचे, आणि तीही दादाच म्हणायची.

तिनं डॉक्टरांचा चष्मा कसाबसा बसवून दिला, डोकं दुखतंय म्हणून मालकाला सांगितलं आणि तडक बँडच्या खोलीवर गेली. खोली कसली, गॅरेजच होतं ते जुनं. खुंट्यांवर लाल कोट ओळीनं टांगलेले, कोपऱ्यात पितळी वाद्यांचा ढीग. दादा एकटाच ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला होता.

"दादा, दातांच्या डॉक्टरकडे कोण गेलं होतं?"

दादाच्या हातातली दोरी सैल पडली. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. ढोल वाजवणारा माणूस, जे काय असेल ते धडाधड.

"मी," तो म्हणाला.



तुम्ही म्हणाल, असा कसा हा माणूस, भावाच्या जिवाशी खेळतो? तर बँडवाल्यांची एक रीत समजून घ्या. कुणी आजारी पडलं, कुणाला यायला जमलं नाही, तर रांगेत भोक ठेवायचं नाही. दुसऱ्या कुणालातरी त्याचा कोट चढवायचा, त्याचं वाद्य हातात द्यायचं आणि उभं करायचं. वाजवायचं नाही, नुसतं वाजवल्यासारखं करायचं. बघणाऱ्याला रांग भरलेली दिसली पाहिजे. यांच्या आजोबांपासून चालत आलेलं हे. दादा स्वतः कितीदा झांजवाल्याचा बदली म्हणून उभा राहिला होता. त्यामुळे भाऊ जेव्हा म्हणाला, "दादा, माझा कोट घाल आणि तेवढं दाताच्या डॉक्टरकडे जाऊन ये," तेव्हा दादाला त्यात काही वावगं वाटलंच नाही!

"पुढचा दात जरा हलतो म्हणाला तो," दादा खाली मान घालून सांगत होता. "म्हणाला, डॉक्टरनं बघितला की उपटणार. पुढचा दात गेला की ट्रम्पेट टेकणार कशावर? फुंकणाऱ्याचं सगळं त्या दातावर असतं गं. त्याच्याकडे दुसरं आहे तरी काय? मी म्हटलं, एक दात तर आहे. किडनीचा आणि दाताचा काय संबंध?"

"काय संबंध?" ती ओरडली. खुंट्यांवरच्या कोटांसुद्धा सगळी खोली दणाणली. "अहो, आठ महिने झाले! ह्यांच्या अंगात आग कुठे लागलीय ते सगळा दवाखाना शोधतोय, आणि तुम्ही तुमचे दात दाखवून आलात?"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा थोराड माणूस, ढोलाला धरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

ती घरी आली. भोंगा खिडकीशी बसला होता. तिनं दार लावलं, पिशवीतून दुकानातली बारकी टॉर्च काढली, काचेवरचे चरे बघायची, आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

"तोंड उघडा."

"काय झालं गं?"

"तोंड उघड म्हणते ना!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यानं गुमान तोंड उघडलं. तिनं मिशी वर सारली आणि टॉर्च मारली.

अरे देवा! पुढचे वरचे दात पडक्या कुंपणासारखे वाकडेतिकडे झालेले. हिरडी जांभळी, फुगलेली, आणि तिनं बोटानं हलकंसं दाबलं तर पिवळा पू बाहेर आला. वास असा की तिचं डोकं गरगरलं. पण ती वासानं मागे सरली नाही. ती मागे सरली ते मनात आलेल्या एका विचारानं: हे याला रोज दुखत असणार. रोज, जेवताना, पाणी पिताना, बोलताना. आणि याच्या तोंडून कधी हूं नाही की चूं नाही.

"एका भोंग्यासाठी?" ती म्हणाली. "मी माझं पोट फाडून द्यायला निघाले, आणि तुम्ही एका पितळी भोंग्यासाठी हे तोंडात घेऊन बसलात?"

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, शरमला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते तोंड बघितलं आणि खुर्चीवरून उठल्या.  "म्हणजे दोन्ही आकडे इथेच ओरडत होते," त्या म्हणाल्या. "त्या हार्मोननं जबड्याचं हाड खाल्लं, म्हणून दात सैल झाले. सैल दातांच्या मुळाशी पू झाला, म्हणून सीआरपी चढला. मी सगळं शरीर उलटंपालटं केलं, आणि तोंड बघायचं दुसऱ्यावर सोडलं. मी स्वतः एकदा बघायला हवं होतं." मग भोंग्याकडे वळून म्हणाल्या, "ही आग हृदयापर्यंत जाते, माहितीय तुम्हाला? आणखी थोडे दिवस गेले असते तर किडनी बसवायला माणूस राहिला नसता."

बायकोनं खुर्चीचा हात घट्ट धरला. भोंगा मात्र जमिनीकडे बघत होता.

दातांच्या डॉक्टरांना खरा भोंगा दाखवला तेव्हा ते कितीतरी वेळ कधी त्याच्याकडे, कधी बायकोकडे बघत राहिले. चिमटा त्यांनी हातात घेतला खरा, पण त्याची गरज पडली नाही. पहिला दात नुसत्या बोटांनी बाहेर आला. शेजारच्याला हात लावला तर तोही आला. "थांबा, थांबा," डॉक्टर स्वतःलाच म्हणाले. एकामागून एक चार दात ट्रेमध्ये टिणटिण वाजले. बायको दारात उभी होती. तिनं आजवर तऱ्हेतऱ्हेच्या काचा फुटताना ऐकल्या होत्या, पण हा आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

औषधं सुरू झाली. जखम भरायला लागली. आणि रविवारी तिच्या मनात आलं, आता हा माणूस ट्रम्पेटकडे बघून झुरणार, त्यापेक्षा ते पुसून, नीट गुंडाळून माळ्यावर ठेवून द्यावं. दृष्टीआड तरी होईल. तिनं पलंगाखालून पेटी ओढली. झाकणावर धुळीचा थर. उघडली तर ट्रम्पेटच्या तोंडाला हिरवा गंज चढलेला. तिनं वरची तीन बटणं दाबून बघितली. एकही हलेना. जाम.

ती तशीच पलंगावर बसून राहिली. हे वाद्य कित्येक महिन्यांत कुणी हातात घेतलेलं नव्हतं. ती दुकानात जायची तेव्हा हा घरी सराव करतो, असं ती धरून चालली होती. हा वाजवतच नव्हता. वाजवणं केव्हाच सोडलं होतं यानं, कुणाला न सांगता. मग तो दात कशासाठी सांभाळला? कुणासाठी? विचारावं असं तिला दहादा वाटलं, पण चार दात गेलेल्या माणसाला काय विचारायचं. तिनं पेटी बंद करून परत पलंगाखाली सारली.

महिन्यानंतर रिपोर्ट आला. मॅडमनी स्वतः फोन करून दोघांना बोलावलं. त्यांची खोली डायलिसिसच्या हॉलला लागूनच होती, मध्ये एक पातळ भिंत. दादाही बाहेर बाकावर येऊन बसला होता, आत यायची त्याची छाती होत नव्हती.

"चार!" मॅडम म्हणाल्या. "सीआरपी साठवरून चारावर आलाय. हिमोग्लोबिन चढायला लागलंय. पीटीएचला वेळ लागेल, पण तोही उतरतोय. आता माझी काही हरकत नाही. तारीख ठरवूया."

बायकोनं दोन्ही हात तोंडावर धरले. मग ती भोंग्याकडे वळली, आणि तिचे हात तसेच राहिले. तो रडत होता. आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं, हे कुणालाही कळलं असतं. कुणी गेल्यावर माणसं रडतात तसं रडत होता तो.

"नको," तो म्हणाला. पुढचे दात नसल्यामुळे शब्दांतून वारा जात होता. "मला नको हिची किडनी."

"अहो, काय बोलताय!"

"ट्रम्पेट मी केव्हाच सोडलं होतं," तो म्हणाला. "दादाला सांगितलं ते खोटं. त्याला दुसरं काही सांगितलं असतं तर तो गेला नसता." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "तो कुलूपवाला आहे ना. त्याच्या बहिणीनं किडनी दिली होती त्याला. आठ दिवसांत गेली. वाया. आता तो परत खुर्चीवर, आणि बहीण त्याच्याकडे येत नाही. रागानं नाही येत. त्याला बघवत नाही तिला. तो मला रोज सांगतो. बाहेर गमती करतो आणि मला हेच सांगतो. तोच एकदा म्हणाला, सीआरपी चढलेला असला की ऑपरेशन करत नाहीत. तेव्हाच दात हलायला लागला होता, हिरडीत पू झाला होता. मी म्हटलं, राहू दे. हा दात जोवर आहे तोवर हिच्या पोटाला कुणी हात लावत नाही."

 मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

तिला एकदम बसच्या खिडकीतल्या त्या संध्याकाळी आठवल्या. रिपोर्ट वाईट आला की गुणगुणणारा हा माणूस. म्हणजे तो खरंच खूष असायचा! ती शेजारी बसून त्याच्या जिवासाठी रडत होती, आणि तो तोंडात पू धरून आणखी एक महिना तिची किडनी वाचली म्हणून गाणं म्हणत होता.  काय म्हणावं या माणसाला? शिवी द्यावी की पाया पडावं, तिला कळेना. शेवटी तिनं तेच केलं जे तिला येत होतं.

"तुमची अक्कल काय दाताबरोबर हलत होती?" ती कडाडली. "मेला असतात तुम्ही! मॅडमनी सांगितलं ना, मेला असतात! आणि वाया गेली तर वाया गेली, तुम्हाला काय करायचंय? माझी आहे ती. कुठे वाया घालवायची ते मी ठरवणार. तुम्ही कोण राखणदार?"

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही." तिचा आवाज आता चिरकला. "एक सांगा मला. तुम्ही गेल्यावर दोन दोन किडन्या घेऊन मी एकटीनं काय करायचं होतं?"

 या प्रश्नाचा त्यानं आठ महिन्यांत एकदाही विचार केला नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मॅडम म्हणाल्या, "बाई, तुम्ही शांत व्हा. यांना कुणी भरीला घालायचं नाही, तसा नियम आहे. आजचा दिवस जाऊ दे, हवं तर उद्या सांगतील ते." मग त्या भोंग्याकडे वळल्या. "पण सांगायचं तुम्ही स्वतः. तुमच्या बदली दुसरं कुणी नाही चालणार."

बाहेर बाकावर दादानं मान आणखी खाली घातली.

भोंगा तसाच बसला होता. मॅडमकडे त्याचं लक्षच नव्हतं. बायकोच्या दंडावरच्या टोचल्याच्या खुणांकडे तो बघत होता, त्या नव्यानं दिसल्यासारख्या. ओठ हलले, पण नुसती हवा बाहेर आली.

"काय?" मॅडमनी विचारलं.

तो सरळ बसला. खांदे मागे घेतले, छाती भरून श्वास घेतला, रांगेत पहिला सूर लावण्याआधी घ्यायचा तसा. बायकोला तो श्वास ओळखीचा होता. किती दिवसांनी ऐकत होती ती.

"हो!" तो म्हणाला.

केवढ्यानं म्हणाला! टेबलावरचा ग्लास हलला. दादा धडपडत बाकावरून उठून दारात आला. भिंतीपलीकडे मशीनं घरघरत होती, त्यांच्यावरून कुलूपवाल्याचा आवाज आला, "काय रे, भोंगा वाजला की काय?"

बायकोनं पदरानं नाक पुसलं, दादाला बाजूला सारलं आणि हॉलच्या दारात जाऊन उभी राहिली. कुलूपवाला हात मशीनला जोडून तिच्याकडे बघत होता. आता ही आपल्याला काय बोलणार, या भीतीनं त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"वाजला," ती म्हणाली. "आणि तुमच्या बहिणीचा पत्ता द्या मला. तारीख ठरली की ऑपरेशनच्या आधी जाऊन भेटून येते तिला, आम्ही दोघी देणाऱ्या."